त्या म्हाताऱ्याला वकील नव्हता

दिवाळी अंकासाठी वकिलीतले अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "लिहा, पण कोर्टात बोलता तसं लिहू नका. थोडं खरंही येऊ द्या." सगळी हयात भोरच्या कोर्टात काळा कोट घालून काढली, तिचं घरातलं मूल्यमापन हे असं आहे. तेव्हा सनद कधी मिळाली, कोणाच्या हाताखाली शिकलो, पहिला दावा कोणता, हे सगळं वगळतो. ते कोणी वाचत नाही. मी तरी इतरांचं कुठं वाचतो?

तालुक्याचा वकील म्हणजे काय चीज असते, तेवढं मात्र आधी सांगायला हवं. पुण्यातल्या वकिलांना केबिनी असतात, काचेची दारं असतात. आमचं बाररूममधलं, म्हणजे वकिलांच्या खोलीतलं, एक बाकडं, त्यावर आम्ही आणि आमच्या मांडीवर फाईल. पक्षकार डोंगरातून सकाळच्या एसटीनं येतो. बरोबर दोन भाऊबंद असतात, पिशवीत कधी आंबेमोहोर तांदूळ, कधी करवंदं. हकीगत तो आजोबांपासून सुरू करतो. ती मध्ये तोडायची नसते, कारण कामाची गोष्ट तो अगदी शेवटी, उठून चप्पल पायात सरकवताना सांगतो. "आन हां सायेब, येक सांगायचं ऱ्हायलं..." असं म्हणाला की आम्ही पेन उघडायचं.

पक्षकारही एकेक नमुने. आंबवड्याचे एक आजोबा होते. धाकट्या भावाशी असलेला त्यांचा वाटणीचा दावा मी आपसात मिटवला, तरी ते आणि तो भाऊ पूर्वीसारखे महिन्याच्या महिन्याला कोर्टात येऊन बसायचे. मी म्हटलं, "आजोबा, दावा संपला. आता कशाला येता?" तर म्हणाले, "सायेब, गावात तो माज्याशी बोलत न्हाई. हितं आला की आमी दोगं मिळून मिसळ खातो." दावा मी मिटवला, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. उलटतपासात, म्हणजे समोरच्याच्या साक्षीदाराला आपण प्रश्न विचारतो तेव्हा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. हा नियम मी भोंगवलीच्या एका बांधाच्या भांडणात शिकलो. साक्षीदार माझ्या पक्षकाराविरुद्ध बोलत होता. मी तरुण होतो, अंगात वारं शिरलेलं. मोठ्या तोऱ्यात विचारलं, "तुम्ही तिथं होतात कशावरून? माझ्या पक्षकारानंच बांध कोरला, हे तुम्हाला कसं कळलं?" तो शांतपणे म्हणाला, "त्यांनीच मला नांगर धराय बोलावलं व्हतं की." सगळं कोर्ट हसलं. माझा पक्षकारही हसला, हे मला जास्त लागलं.

त्या दिवसापासून तो नियम मी देवाच्या आरतीसारखा पाळला. तो एकदाच मोडला, आणि तो मोडला त्याचीच ही गोष्ट आहे.

दिनकर वेल्ह्याकडचा. भोर आणि वेल्हे दोन्ही तालुक्यांच्या बातम्या पुण्याच्या एका दैनिकाला पाठवायचा. वार्ताहर. अंगानं काटकुळा, बोलणं मात्र सभेत उभं राहिल्यासारखं. कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये त्यानं कापसाची दाढी लावून त्या ग्रीक तत्त्वज्ञाचं काम केलं होतं. तोच तो, अथेन्सच्या बाजारात लोकांना प्रश्न विचारत फिरणारा, ज्याच्यावर खटला भरून शेवटी विषाचा प्याला हातात दिला. त्या कामाचं दिनकरला पहिलं बक्षीस मिळालं आणि तिथंच घोटाळा झाला. दाढी उतरली, माणूस काही आतून निघाला नाही.

पण आमचा दिनकर धुतल्या तांदळासारखा होता, असं मी म्हणणार नाही. डोंगरात मोबाईलला रेंज नसते आणि पेपरचं तालुक्याचं पान संध्याकाळी लवकर लागतं. त्यामुळे खोऱ्यातल्या वार्ताहरांची एक रीतच पडून गेली होती. कार्यक्रम पाचला असेल तर बातमी दुपारीच, पत्रिकेवरून लिहायची आणि रेंज असते तिथून धाडून मग कार्यक्रमाला जायचं. "उत्साहात पार पडला", "मान्यवर उपस्थित होते". यात चुकणार काय? एका जत्रेत चुकलं. दिनकरनं कुस्त्यांच्या आखाड्याची बातमी अशीच आधी लिहिली. कोणी दुखावू नये म्हणून "अंतिम कुस्ती बरोबरीत सुटली" असंही ठोकून दिलं. त्या दिवशी गावात मयत झालं आणि आखाडा भरलाच नाही. सकाळी पेपर गावात गेला. न झालेली कुस्ती बरोबरीत सुटली, हे वाचत दोन्ही पैलवान आपापल्या घरी चहा पीत होते.

दैनिकानं त्याला काढून टाकलं. बाजारात लोक त्याला हाक मारून विचारायचे, "काय पत्रकार, उद्याचा पाऊस बरोबरीत का?" दुसरा कोणी असता तर पुण्याला जाऊन वॉचमन झाला असता. यानं मोबाईलवर स्वतःचं चॅनेल काढलं. गावागावांतल्या तरुणांना जमवून ग्रामसभेत प्रश्न कसे विचारायचे ते शिकवायला लागला. "ठराव वाचून दाखवा म्हणायचं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. लाजायचं नाही." झालं! गावोगावचे पुढारी म्हणायला लागले की हा देवधर्म मानत नाही आणि आमची पोरं बिघडवतो.

अथेन्समध्ये त्या म्हाताऱ्यावर नेमके हेच दोन आरोप होते. गावचे देव मानत नाही आणि पोरं बिघडवतो. दिनकरनं हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा उजळला होता की जणू याला शिक्षा नव्हे, पुरस्कार मिळणार आहे.

आता मूळ भानगड. भोर तालुक्यातच, धरणाच्या मागच्या डोंगरात एक गाव आहे. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. गावच्या देवीभोवती जुनी देवराई. हिरडे, जांभळी, ऐन, आंबे. तिथलं वाळलेलं लाकूडही कोणी चुलीला नेत नाही. देवराईच्या वरच्या अंगाला कोणीतरी फार्महाऊसचे प्लॉट पाडले आणि तिकडे जायला रस्ता हवा होता तो नेमका देवराईतून. देवस्थानचे अध्यक्ष सयाजीअण्णा. जन्म गावचा, पण राहणं, धंदा, सगळं पुण्यात. गावात यायचे ते पांढऱ्या गाडीतून, जत्रेला आणि लग्नाला. त्यांनी गावाला सांगितलं की देवीला कौल लावला, देवीनं उजवा कौल दिला, झाडं तोडायला आईची परवानगी आहे. देवीच म्हणाली म्हटल्यावर कोण बोलणार? अर्धी देवराई आडवी झाली.

तेव्हा दिनकरनं बातमी टाकली: कौल लावलाच नव्हता. देवीच्या नावावर खोटं सांगून झाडं तोडली.

ती बातमी इतकी फिरली की तोड थांबली. आणि अण्णांनी भोरच्या कोर्टात दिनकरवर बदनामीची फिर्याद ठोकली. बातमी खोटी ठरली तर दिनकरला कैद होऊ शकत होती. त्याहून वाईट म्हणजे, बातमी खोटी याचा अर्थ कौल खरा, आणि कौल खरा म्हणजे उरलेली देवराईही जाणार. झाडं तोडणारे मशीनवाले वाट बघतच होते.

मी दिनकरला विचारलं, "कौल लावला नाही हे तुला कोणी सांगितलं?"

"ते सांगणार नाही."

"अरे, मी तुझा वकील आहे."

"तुम्हालासुद्धा नाही, साहेब. ज्यानं सांगितलं त्याचं पोट त्यावर आहे. मी शब्द दिलाय."

"मग माफी माग. दोन ओळी लिहून दे, अण्णा फिर्याद मागे घेतील. मी बोलून बघतो."

त्यावर तो बाररूममध्ये उभाच राहिला. "साहेब, तो म्हातारासुद्धा माफी मागून सुटला असता. त्याच्या मित्रांनी तुरुंगातून पळवून न्यायची तयारी केली होती. तो गेला नाही!"

माझी सटकली. "दिनकर, त्या म्हाताऱ्याला वकील नव्हता! म्हणून तो मेला. स्वतःचा खटला स्वतः चालवला, आणि पाचशेएक न्यायाधीशांसमोर उभं राहून त्यांनाच अक्कल शिकवत बसला. मी असतो तर त्याला पहिल्यांदा गप्प बसवलं असतं. तो म्हणत होता ना, की देवळातल्या पुजारणीला देवानं सांगितलं, याच्याहून शहाणा कोणी नाही? मग तिला साक्षीला का नाही बोलावलं? समन्स का नाही काढलं? ही काय केस चालवायची पद्धत झाली?"

शेजारच्या बाकड्यावरचे वकील हसायला लागले. दिनकर रागावून निघून गेला आणि बसस्टँडवरून परत आला, कारण छत्री विसरला होता.

खरं सांगतो, मला तो आवडायचा आणि त्याचा कंटाळाही यायचा. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. आमच्या माणसानं न झालेली कुस्ती लिहून ठेवली होती. त्या म्हाताऱ्याला आपल्याला काही कळत नाही हे कळलं होतं. आमच्या माणसाला सगळं कळत होतं, फक्त आपली बाजू किती लंगडी आहे तेवढं कळत नव्हतं. पुरावा शून्य, साक्षीदाराचं नाव सांगत नाही, आणि आरोपी असा की त्याच्या नावावर आधीच एक खोटी बातमी जमा. अण्णांनी पुण्याहून वकील आणला होता. त्यांच्या फाईलमध्ये त्या कुस्तीचं कात्रण सगळ्यात वर लावलेलं मला माझ्या बाकड्यावरून दिसत होतं.

पहिल्या तारखेला न्यायाधीश मॅडमसमोर सयाजीअण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. गावातली बरीच माणसं आली होती, मागे बायकाही बसल्या होत्या. पुण्याचे वकील एकेक प्रश्न विचारत होते आणि अण्णा झकास उत्तरं देत होते. "आम्ही देवीला विचारल्याशिवाय पानही तोडत नाही. रीतसर कौल लावला. पाचवी माळ होती. एवढा मोठा निर्णय, म्हणून मुद्दाम नवरात्रातला चांगला दिवस धरला."

मी पेनचं टोपण लावत होतो, तो थांबलो. पाचवी माळ?

आमच्या घरी नवरात्रात देव बसले की आई देव्हाऱ्याकडे बोट लावू द्यायची नाही. घट बसतात, रोज एक माळ चढते, पण दसऱ्यापर्यंत देव हलवायचे नाहीत, त्यांना आंघोळ नाही. लहानपणी मी एकदा देवाच्या टाकावरची धूळ पुसली म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. हे आमच्याकडं इतकं सगळ्यांना माहीत आहे की कोणी ते बोलूनही दाखवत नाही. पुण्यात राहून अण्णा एवढं विसरले होते. त्यांना नवरात्र म्हणजे दांडिया आणि चांगला मुहूर्त, एवढंच लक्षात राहिलं होतं.

माझी पाळी आली. मी आवाज खाली ठेवला. दिनकर मागून कोट ओढून कुजबुजत होता, "साहेब, सत्यावर बोला, लोकशाहीवर बोला." मी कोट सोडवून घेतला.

"अण्णा, मॅडम बाहेरगावच्या आहेत. कौल कसा लावतात, ते त्यांना जरा समजावून सांगा."

अण्णांना बरं वाटलं. ते न्यायाधीश मॅडमकडं वळून म्हणाले, "देवीचा काळा पाषाण आहे. त्याला आधी आंघोळ घालायची. मग ओल्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार."

"पाषाण कोरडा असला तर?"

"कोरड्याला कळी चिकटेल कशी?"

"बरोबर. आणि पाचव्या माळेला घट बसलेलेच होते ना?"

"होते म्हणजे? घटाची माती माझ्याच शेतातली असते."

"घट बसल्यावर देवीला आंघोळ कधी घालतात?"

"दसऱ्याला. देव उठल्यावर."

हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांचं तोंड थोडं उघडंच राहिलं. मागच्या बाकावरून एका बाईचा "अगं बया!" असा आवाज आला आणि तिला गप्प करायला गेलेल्या पट्टेवाल्यालाच हसू आलं. पुण्याचे वकील ताडकन उठले. "हा धार्मिक रूढीचा प्रश्न आहे, मॅडम. फिर्यादीशी याचा संबंध नाही." मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. "मला तर संबंध दिसतोय. बसा."

अण्णांनी रुमाल काढला. "आंघोळ म्हणजे... नुसतं पाणी शिंपडलं असेल. ते गुरवाला विचारा. त्यानं लावला, मी फक्त समोर होतो."

मी बसलो. सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी माझी छाती फुगली होती. मी एकही विधान केलं नव्हतं, नुसते भोळे प्रश्न विचारले होते आणि समोरचा आपल्याच उत्तरात जाऊन अडकला होता. तो म्हातारा बाजारात दुसरं काय करायचा?

पण दिनकरचं तोंड उतरलेलं. बाहेर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "साहेब, मी देवच मानत नाही आणि तुम्ही मला देवीच्या आंघोळीवर सोडवताय? हा विजय झाला का?"

"तुरुंगात बस आणि त्यावर विचार कर."

तो हसला नाही. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "पुढच्या तारखेला गुरवमामा त्यांच्या बाजूनं साक्षीला येणार. त्यांना जास्त विचारू नका. वयस्कर माणूस आहे." मला वाटलं, दया आली असेल. माणूस चांगला, म्हणून चहाचे पैसे मी दिले.

पुढच्या तारखेला रामामामा पिंजऱ्यात आले. देवीचे गुरव. पिढ्यान् पिढ्या पूजा त्यांच्याच घरात. पूजेबद्दल देवीच्या नावची थोडी जमीन कसायला मिळते, त्यावर घर चालतं, आणि कारभार अध्यक्षांच्या हातात. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि हात पिंजऱ्याच्या लाकडावर असे ठेवलेले की जणू ते लाकूडच त्यांना धरून आहे. पुण्याच्या वकिलांनी विचारलं, "कौल लावला होता का?" मामा खाली बघून म्हणाले, "व्हय." "उजवा पडला?" "व्हय." बस्स. वकील बसले.

मी उठलो. "मामा, नवरात्रात देव कधी उठतात?"

"दसऱ्याला."

"त्याच्या आधी पाषाणावर पाणी घालता?"

"न्हाई. आक्रीत हुईल."

"शिंपडता?"

"न्हाई."

झालं. माझं काम संपलं होतं. नियमाप्रमाणे इथं मी बसायचं होतं. पाणी नाही तर कौल नाही, हे मी युक्तिवादात दोन वाक्यांत सांगितलं असतं आणि मॅडमना ते पटलंही असतं. कोणताही शहाणा वकील इथं बसला असता. पण मामांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला सहन झालं नाही. या माणसाला कोणीतरी एकदा सरळ विचारायला हवं होतं आणि ते आजवर कोणीच विचारलं नव्हतं, अगदी असं वाटलं. मला उत्तर माहीत नव्हतं. मामा पुन्हा "व्हय" म्हणाले असते, तर जिंकलेली केस मी हातानं बुडवली असती.

तरी मी विचारलं. "मामा, तुम्ही कौल लावला होता का?"

"मामा, काही बोलू नका!" हा माझ्या मागून आलेला आवाज माझ्याच पक्षकाराचा होता. दिनकर उभा राहिला होता. "साहेब, त्यांना विचारू नका! तुम्ही बसा!"

 मॅडम कडाडल्या, "आरोपीनं मध्ये बोलायचं नाही. खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन." माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. ज्याचं पोट त्यावर आहे, असा माणूस हाच होता.

रामामामांनी दिनकरकडं बघितलं. मग टोपी काढून पिंजऱ्याच्या लाकडावर ठेवली.

"न्हाई लावला," ते म्हणाले. "देव बसल्यालं. कौल कसा लावनार? अण्णा म्हनले, लोकास्नी सांग, लावला म्हून. न्हाई सांगितलंस तर गुरवकी दुसऱ्याला दीन. म्या सांगितलं. पर जांबळीचं झाड पडलं तवा मला जेवान जाईना. मंग ह्यास्नी म्याच सांगितलं." त्यांनी दिनकरकडं बोट केलं. "ह्यो मानूस माजं नाव घेईना. घेतलं असतं तर कवाच सुटला असता. आता मला काडायचं तर काडा."

पुण्याचे वकील काहीतरी म्हणत होते, ते मला ऐकू आलं नाही. मी बसलो, आणि मी रडत नव्हतो असं शपथेवर सांगू शकणार नाही. दिनकर मात्र उघड रडत होता. स्वतः सुटला याचा आनंद नव्हता त्याला. मामा अडकले याचं दुःख होतं.

त्या दिवशी मी त्या अथेन्सच्या म्हाताऱ्याशी मनातल्या मनात भांडणं सोडून दिलं. शब्द पाळायचा म्हणून पळून न जाणारा माणूस वेडा असतो, असं मी समजत होतो. पण ज्याच्यासाठी एखादा शब्द पाळतो, त्या दुसऱ्या माणसाला त्यातून पाय रोवून उभं राहण्याचं बळ येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. असतं, तर मी ते केव्हाच वाचलं असतं.

दिनकर निर्दोष सुटला. निकाल वाचताना मॅडम एका ठिकाणी थांबल्या आणि पाणी प्यायल्या, एवढंच त्यांच्या मनातलं आम्हाला दिसलं. उरलेली देवराई वाचली. मशीन उतरून गेलं. तोडलेली झाडं मात्र गेली ती गेलीच. तिथून जाताना उन्हाचा मोठा तुकडा अंगावर पडतो, आणि हे काम थोडं आधी आपल्या हाती आलं असतं तर, असं दर वेळी वाटतं. ही हळहळ माझ्याबरोबरच जाईल.

रामामामांचं काय होणार याची मला धास्ती होती. अण्णांच्या माणसांनी देवळात बैठक लावली आणि विषय काढला की खोटी साक्ष देणारा गुरव नको. मी गेलो नव्हतो, पण शिवऱ्याला टेम्पो लावणारा माझा एक पक्षकार त्याच गावचा, त्यानं रंगवून सांगितलं. म्हणे विषय निघताच वरच्या वाडीच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "खोटं बोल म्हून सांगनारा हितं गादीवर बसलाय, आन खरं बोलनाऱ्याला काडताय व्हय?" दिनकरकडे शिकलेल्या तरुणांनी लगेच हात वर केले. "ठराव वाचून दाखवा." ठराव कोणीच वाचेना. गुरवकी मामांकडंच राहिली. अण्णांनी अध्यक्षपद सोडलं, पण गावाशी बोलणं टाकलं नाही. बैठकीला यायचे, मागं बसायचे. त्यांच्याविषयीही मी थोडं चांगलं बोललं पाहिजे.

दसरा झाल्यावर त्या गावात देवीचा भंडारा असतो. मला आणि दिनकरला मुद्दाम बोलावणं आलं. देवराईतच पंगती बसतात. तिथली रीत अशी की देवस्थानच्या आजी-माजी विश्वस्तांनी वाढायचं आणि सगळ्यांत शेवटी जेवायचं. रामामामांनी दिनकरचा हात धरून त्याला पहिल्या पंगतीत, मानाच्या पाटावर नेऊन बसवलं. तो नको नको म्हणत होता. "मी देव मानत नाही, मामा," असंही म्हणाला. मामा म्हणाले, "तुमी नका मानू. आई तुमाला मानती. बसा."

मी शेजारी बसलो आणि एकदम आठवलं. त्या म्हाताऱ्याला दोषी ठरवल्यावर न्यायाधीशांनी विचारलं होतं, तुला काय शिक्षा द्यावी असं तुला वाटतं? तो म्हणाला होता, मी या गावाचं भलं केलंय, तेव्हा मला गावाच्या खर्चानं मानाच्या पंगतीत जेवायला बसवा. लोक चिडले आणि प्याला पाठवला. मी हे दिनकरच्या कानात सांगायला वाकलो, तेवढ्यात समोर कोणीतरी आमटीची बादली घेऊन उभं राहिलं.

सयाजीअण्णा. बाह्या सारलेल्या, कपाळाला गुलाल. सगळी पंगत घास हातात धरून बघायला लागली. अण्णांनी पळी बादलीत बुडवली आणि खाली बघत विचारलं, "वाढू का, पत्रकार?"

दिनकरनं वाटी दोन्ही हातांनी पुढं केली. "वाढा की अण्णा. आखडता हात घेऊ नका."

अण्णांनी दोन पळ्या वाढल्या. मग जरा थांबून आणखी एक.